टर्बोसाठी चार सिलिंडरचा ब्लॉक मजबूत करणे: होंडा के२४ च्या आधारे नवोदितांसाठी मार्गदर्शन

होंडाच्या के२४ इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचे मुख्य ओतीव शरीर, कामाच्या टेबलावर ठेवून वरून पाहिला, तर पाण्याच्या हौदात चार नळकांडी उभी केली आहेत असे वाटते. हे चारही सिलिंडर एकमेकांना चिकटलेले असतात आणि त्यांचा बुडखा ब्लॉकशी एकजीव असतो. वरच्या टोकाला, म्हणजे जिथे जाळाचा आणि दाबाचा मारा सर्वांत जास्त बसतो तिथे मात्र, त्यांच्या आणि ब्लॉकच्या बाहेरील भिंतीच्या मध्ये सगळीकडे मोकळी जागा असते. या रचनेला ओपन डेक म्हणतात (डेक म्हणजे ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, ज्यावर हेड हे सिलिंडरांचे झाकण बसते). दाबाखाली ॲल्युमिनियम ओतताना पोलादी साचा वरून सरळ ओढून काढता यावा आणि सिलिंडरच्या वरच्या भागाला भरपूर पाणी मिळावे, म्हणून ती केलेली असते. कारखान्यातून निघालेल्या गाडीसाठी ती उत्तमच आहे. टर्बो, म्हणजे धुराच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, बसवून शक्ती दुप्पट किंवा तिप्पट करायची ठरते, तेव्हा मात्र सिलिंडरच्या वरच्या कडेला बाजूने कोणाचाच आधार नाही ही गोष्ट निर्णायक ठरते.

उदाहरणासाठी के२४ निवडण्याचे कारण असे की, हे इंजिन जगभर टर्बोच्या कामांसाठी वापरले जाते आणि आपल्याकडेही ॲकॉर्डच्या २.४ लिटर मॉडेलमधून आलेले असल्याने ते मिळू शकते. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८७ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९९ मिमी आणि आकारमान २३५४ सीसी आहे. शेजारशेजारच्या दोन बोअरच्या केंद्रांमधील अंतर ९४ मिमी आहे, म्हणजे दोन बोअरच्या मध्ये केवळ ७ मिमी धातू उरतो. हा ७ मिमीचा आकडा शेवटपर्यंत लक्षात ठेवावा.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत असे फेरफार रस्त्यावरील गाडीत करता येत नाहीत. येथे सांगितलेले काम बंदिस्त ट्रॅकवर किंवा लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या ड्रॅग शर्यतींसारख्या ठिकाणी चालवण्याच्या गाडीसाठी आहे, असे समजूनच पुढचे वाचावे.

ब्लॉकवर नेमका भार किती येतो

आकडेमोड सोपी आहे आणि ती प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावी. ८७ मिमी बोअरचे क्षेत्रफळ सुमारे ५९.४ चौरस सेंटिमीटर येते. जळणाच्या क्षणी सिलिंडरमधील दाब १०० बार धरला, आणि चांगला बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, असलेल्या इंजिनात तो त्याहूनही वर जातो, तर पिस्टनवर आणि तितकाच हेडवर सुमारे ६ टनांचा भार येतो. हा भार ६००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा येतो आणि जातो. पिस्टनला तो खाली ढकलतो, तसा हेडला वर उचलू पाहतो. शिवाय पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका असल्यामुळे पिस्टन लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या बिडाच्या अस्तराच्या, एका भिंतीवर आडवा रेटला जातो. पिस्टन वरच्या टोकावरून १५ अंश पुढे गेलेला असताना १०० बार दाब धरला आणि पिस्टनचे जडत्व बाजूला ठेवले, तर हा आडवा रेटा पाचशे किलोच्या घरात भरतो, आणि तो नेमका लायनरच्या बिनआधाराच्या वरच्या भागावर पडतो.

परिणामी लायनरचे वरचे टोक शतांश मिलिमीटरमध्ये मोजण्याइतके हलू लागते. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही, परंतु हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या हेड गॅस्केटची जाळ अडवणारी कडी त्या हालचालीने हळूहळू घासली जाते, बोअर लंबगोल होतो, रिंगा भिंतीशी नीट टेकत नाहीत आणि एक दिवस गॅस्केट उडते. गॅस्केट बदलले तरी चार-सहा फेऱ्यांत ते पुन्हा उडते, कारण दोष गॅस्केटमध्ये नसतोच. त्यानंतरची अवस्था म्हणजे लायनरला उभी चीर. म्हणून ब्लॉक मजबूत करण्याचा माझ्या मते खरा अर्थ एवढाच आहे की, पूर्ण दाबाखाली आणि पूर्ण तापल्यावर बोअर गोल राहिला पाहिजे आणि हेड जागेवरून तसूभरही उचलले जाऊ नये. कोणताही महागडा भाग घेण्यापूर्वी, तो या दोहोंपैकी कोणते काम करतो हे विचारावे.

पहिली पायरी: ब्लॉकला हात लावायचा की नाही ते ठरवणे

नवोदितांची सर्वांत मोठी चूक म्हणजे थेट स्लीव्ह, म्हणजे मूळ लायनरच्या जागी नवी जाड नळी, टाकण्यापासून सुरुवात करणे. मूळ के२४ मध्ये टर्बो लावल्यावर साधारणपणे आधी कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटतात, आणि ब्लॉकची पाळी त्यानंतर येते. चाकांवर ४०० अश्वशक्तीच्या आसपास थांबायचे असेल, तर फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, रॉड आणि पिस्टन, हेड आवळून धरणारे चांगले स्टड आणि इंधन व ठिणगीचे काळजीपूर्वक केलेले ट्यूनिंग एवढ्यावर मूळ लायनर ठेवून काम भागते. ४०० ते ६०० च्या पट्ट्यात डेकला आधार देण्याचा विचार करावा, आणि ६०० च्या वर नियमित चालवायचे असेल तर स्लीव्हला पर्याय नाही, असे मी धरतो. या काही काटेकोर सीमारेषा नव्हेत, सावधगिरीच्या खुणा आहेत.

याहून महत्त्वाचे म्हणजे ब्लॉकला अश्वशक्ती कळत नाही, त्याला दाब कळतो, आणि दाबाचा संबंध टॉर्कशी आहे. ५०० अश्वशक्ती ७५०० आरपीएमला मिळवली तर सुमारे ४६८ न्यूटन मीटर टॉर्क लागतो. तीच ५०० अश्वशक्ती ४५०० आरपीएमला हवी असेल, तर ७८० न्यूटन मीटर लागतो. कागदावर दोन्ही गाड्या सारख्या दिसतात, पण दुसऱ्या गाडीचा ब्लॉक कितीतरी जास्त सोसत असतो. लहान टर्बो बसवून खालच्या आरपीएमलाच पूर्ण बूस्ट देण्याचा मोह टाळला आणि बूस्ट थोडा उशिरा, चढत्या क्रमाने येऊ दिला, तर एक पैसाही खर्च न करता ब्लॉकचे आयुष्य वाढते.

ज्यांच्याकडे बिडाच्या ब्लॉकचे इंजिन आहे, उदाहरणार्थ मित्सुबिशीचे ४जी६३ किंवा फोक्सवॅगन समूहाचे ईए८८८, त्यांना डेकच्या आधाराचा प्रश्न बहुधा येत नाही. बीड जड असते, पण ते ताठ राहते. अशा वाचकांनी स्लीव्हचा भाग सोडून थेट होनिंग, म्हणजे बोअर घासून अचूक गोल करणे, आणि स्टड यांच्यापाशी यावे.

दुसरी पायरी: ब्लॉक निवडणे, धुणे आणि तपासणे

ब्लॉक शक्यतो कधीही न तापलेल्या इंजिनाचा घ्यावा. ज्या गाडीचा रेडिएटर कोरडा पडून इंजिन उकळले होते, तिचा ब्लॉक स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण एकदा वेडावाकडा झालेला ॲल्युमिनियमचा ब्लॉक फेसिंग मारून वरून सपाट करता येतो, पण क्रँकच्या रेषेत आलेला बाक त्याने जात नाही.

धुण्याबाबत विशेष इशारा द्यायचा आहे. आपल्याकडील बोअरिंगच्या अनेक दुकानांत ट्रॅक्टर आणि ट्रकचे बिडाचे ब्लॉक येतात, आणि ते कॉस्टिकच्या गरम टाकीत उकळून स्वच्छ करण्याची पद्धत आहे. बिडाला त्याने काही होत नाही. ॲल्युमिनियम मात्र कॉस्टिकमध्ये अक्षरशः विरघळते आणि विरघळताना हायड्रोजन वायू सोडते. काही वर्षांपूर्वी माझा एक ब्लॉक अशाच एका दुकानात धुण्यासाठी गेला आणि परत आला तेव्हा डेकचा पृष्ठभाग काळवंडून खडबडीत झाला होता, पाण्याच्या मार्गांच्या कडा बोथट झाल्या होत्या आणि स्टडच्या भोकांतील आट्यांवरून बोट फिरवले की करडी भुकटी हाताला लागत होती. तो ब्लॉक भंगारात द्यावा लागला. तेव्हापासून ब्लॉकवर मोठ्या अक्षरांत धातूचे नाव लिहिल्याशिवाय आणि कारागिराशी समोरासमोर बोलल्याशिवाय मी तो कोठेही सोडत नाही. ॲल्युमिनियमसाठी चालणारा साबण, गरम पाणी आणि ब्रश एवढे पुरेसे असते.

चिरा शोधण्यासाठी बिडावर वापरली जाणारी चुंबकीय चाचणी ॲल्युमिनियमवर चालत नाही, कारण त्याला चुंबक धरत नाही. येथे डाय पेनेट्रंट वापरावे: आधी लाल रंग फवारायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा, म्हणजे चिरेत मुरलेला रंग पांढऱ्यावर तांबड्या रेषेसारखा उमटतो. मेन बेअरिंगच्या भिंती, हेड बोल्टच्या भोकांच्या कडा आणि लायनरचे वरचे टोक या तीन जागी अधिक वेळ द्यावा. त्यानंतर पाण्याचे सर्व मार्ग बंद करून ब्लॉकची हवेच्या दाबाने गळती तपासावी.

डेकवर अचूक स्ट्रेटएज लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेजने तपासावे. अनेक पातळ थर असलेले पोलादी गॅस्केट वापरायचे असल्याने मी ०.०५ मिमीपेक्षा जास्त फट मान्य करत नाही. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, तसेच क्रँकच्या रेषेत आणि तिच्या काटकोनात असा सहा ठिकाणी मोजावा आणि सर्व आकडे वहीत लिहावेत. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

तिसरी पायरी: आधाराची पद्धत निवडणे

सर्वांत स्वस्त उपाय ब्लॉक गार्डचा. लायनर आणि बाहेरील भिंत यांच्यामधील मोकळ्या जागेत बसेल अशा आकाराचे ॲल्युमिनियमचे कडे वरून ठोकून बसवतात. त्याने वरच्या टोकाला आधार मिळतो हे खरे, पण नेमक्या त्याच ठिकाणी पाण्याचा प्रवाह अडतो आणि सिलिंडरचा वरचा भाग, ज्याला थंडाव्याची सर्वांत जास्त गरज आहे, तोच अधिक तापतो. शिवाय कडे घट्ट ठोकले की बोअर आतल्या बाजूस दबतो. तयार इंजिनाचे केवळ हेड उघडून त्यात ब्लॉक गार्ड ठोकण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. बसवायचेच असेल, तर आधी ते बसवावे आणि नंतर बोअरिंग व होनिंग करावे.

दुसरी पद्धत म्हणजे बाहेरील भिंतीतून आटे पाडून लायनरच्या वरच्या भागाला टेकतील असे खुंट बसवणे. पाणी खुंटांच्या मधून वाहत राहते हा तिचा गुण. काम मात्र हाताच्या कौशल्यावर अवलंबून असते, कारण एक खुंट जास्त आवळला गेला तरी बोअरला त्या जागी टेंगूळ येते.

तिसरी पद्धत डेकच्या जागेत जाड पट्टी यंत्रावर अचूक कापून बसवण्याची आणि तिच्यात पाण्यासाठी मोजकी भोके ठेवण्याची आहे. अशा रीतीने ओपन डेकचा ब्लॉक जवळजवळ बंद डेकचा होतो. काही जण ही पट्टी वेल्डिंगने जोडतात. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियमचा कस उतरतो आणि ब्लॉक वाकतो, त्यामुळे त्यानंतर मेन लाइन बोअरिंगपासून, म्हणजे क्रँक बसतो ती भोके पुन्हा एका रेषेत कापण्यापासून, सर्व कामे पुन्हा करावी लागतात. नवोदिताने या वाटेला जाऊ नये.

पाण्याची जागा विशिष्ट सिमेंटसारख्या मिश्रणाने अर्धी भरण्याची पद्धतही आहे. काही सेकंदांच्या ड्रॅग शर्यतीपुरते ते ठीक आहे. ज्या गाडीला ट्रॅकवर सलग फेऱ्या मारायच्या आहेत, तिच्यासाठी नाही.

सर्वांत भरवशाचा मार्ग स्लीव्हचा. मूळ बिडाचा पातळ लायनर कापून काढायचा आणि त्या जागी डक्टाइल आयर्नची जाड स्लीव्ह बसवायची. साधे बीड ठिसूळ असते, त्यावर भार वाढला की ते सरळ तडकते. डक्टाइल आयर्नमधील ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असल्याने ते ताण सोसते. स्लीव्हचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. कोरडी स्लीव्ह ॲल्युमिनियमच्या आत बसते आणि पाण्याला थेट लागत नाही. ओल्या स्लीव्हमध्ये मूळ सिलिंडर ॲल्युमिनियमसह कापून काढले जातात, नवी स्लीव्ह थेट पाण्यात उभी राहते, तिच्या खालच्या टोकाला ओ-रिंग असतात आणि वरच्या रुंद कडा एकमेकींना टेकून संपूर्ण डेक बंद करतात. डार्टन कंपनीच्या एमआयडी नावाच्या स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या आहेत आणि होंडाच्या के तसेच बी मालिकेसाठी त्या मिळतात.

चौथी पायरी: स्लीव्ह बसवणे

हे काम आपण स्वतः करणार नाही. अचूक बोअरिंग मशीन असलेला कारागीर करील. परंतु त्याच्याकडून ते नीट करून घेण्यासाठी त्यातील मर्म समजणे आवश्यक आहे.

ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. ९० मिमी व्यासाचे भोक २० अंशांवरून ९० अंशांवर गेले, तर ॲल्युमिनियममध्ये ते साधारण ०.१४ मिमीने मोठे होते, आणि त्यातील स्लीव्ह मात्र ०.०७ मिमीनेच वाढते. म्हणजे थंड असताना स्लीव्ह ०.०७ मिमी घट्ट बसवली असेल, तर इंजिन तापल्यावर ती पकड जवळजवळ संपते. कारखान्यात ओतलेल्या लायनरची बाहेरची बाजू ॲल्युमिनियमला धरून ठेवते, म्हणून त्याला ही अडचण येत नाही. बाहेरून बसवलेल्या गुळगुळीत स्लीव्हला केवळ घर्षणावर सोडणे धोक्याचे आहे. तिला वर कडा हवी, ती कडा ब्लॉकमध्ये कापलेल्या पायरीवर पूर्ण टेकलेली हवी आणि वरून हेडने दाबलेली हवी. कडा नसलेली स्लीव्ह खाली घसरून गॅस्केट सोडून देते. अशी घसरलेली स्लीव्ह मी दोन इंजिनांत पाहिली आहे, आणि दोन्ही ठिकाणी कारागिराने पैसे वाचवण्यासाठी डिझेल इंजिनाची साधी स्लीव्ह कापून वापरली होती.

बसवताना ब्लॉक भट्टीत समान तापवतात. तो ३० वरून १५० अंशांवर नेला की ९० मिमीचे भोक सुमारे पाव मिलिमीटरने मोठे होते आणि खोलीच्या तापमानाची स्लीव्ह हाताने सोडली तरी ‘टप्’ असा आवाज करत थेट पायरीवर जाऊन बसते. तो आवाज आला नाही, किंवा स्लीव्ह मध्येच अडकली, तर तिला ठोकायचे नाही. ती लगेच बाहेर काढून ब्लॉक पुन्हा तापवायचा. बसल्यावरही काम संपत नाही. ब्लॉक निवताना स्लीव्हला कोठे आधी पकडेल हे सांगता येत नाही, आणि त्या पकडीने कडा पायरीपासून केसाएवढी उचलली जाऊ शकते. म्हणून पूर्ण थंड होईपर्यंत स्लीव्हवर वरून भार ठेवतात. आपल्या कारागिराला हा एकच प्रश्न विचारला, तरी त्याने हे काम पूर्वी केले आहे की नाही हे उत्तरावरून कळते. गॅसच्या ज्योतीने एका बाजूने ब्लॉक तापवणारा कारागीर असेल, तर ब्लॉक परत घेऊन यावा.

बोअरचे केंद्र जुन्या बोअरवरून न घेता क्रँकच्या रेषेवरून आणि डॉवेलच्या, म्हणजे हेड अचूक जागी बसवणाऱ्या खुंट्यांच्या, भोकांवरून घ्यावे, नाही तर जुना तिरकेपणा नव्या स्लीव्हमध्येही उतरतो. कामांचा क्रमही चुकवू नये: आधी स्लीव्ह, मग गळतीची चाचणी, मग क्रँकच्या रेषेची तपासणी, त्यानंतर डेकचे फेसिंग, नंतर बोअरिंग आणि सर्वांत शेवटी होनिंग. डेकचा पृष्ठभाग १.२५ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचे सरासरी माप) किंवा त्याहून गुळगुळीत असावा, म्हणजे पोलादी गॅस्केट पाणी गळू देत नाही.

याच टप्प्यावर बोअर वाढवण्याचा मोह होतो. ८७ वरून ८८ मिमीवर गेल्यास आकारमान फक्त ५४ सीसीने वाढते आणि दोन बोअरमधील ७ मिमीपैकी १ मिमी कायमचा जातो. थोडासा बूस्ट वाढवून मिळणाऱ्या शक्तीसाठी भिंत पातळ करणे मला कधीच पटलेले नाही. टर्बोच्या इंजिनात मूळ ८७ मिमीच ठेवावा.

पाचवी पायरी: टॉर्क प्लेट लावून होनिंग

हेडचे दहा बोल्ट आवळले की प्रत्येक बोल्ट आपल्याभोवतीचा धातू वर ओढतो आणि बोअरचा वरचा भाग किंचित वेडावाकडा होतो. हेड नसताना अगदी गोल होन केलेला बोअर हेड बसवल्यावर गोल राहत नाही. म्हणून हेडऐवजी जाड धातूची, चार मोठी भोके असलेली टॉर्क प्लेट बसवतात, पुढे वापरायचेच स्टड आणि त्याच प्रकारचे गॅस्केट लावतात, ठरलेल्या टॉर्कवर आवळतात आणि त्या भोकांतून होनिंग करतात. मी एका ब्लॉकवर हे स्वतः मोजून पाहिले होते: मोकळा असताना बोअर ५ मायक्रॉनच्या आत गोल होता, प्लेट आवळताच वरच्या २० मिमीमध्ये काटा २५ मायक्रॉनपर्यंत सरकला. रिंगांना एवढा फरक पुरेसा जाणवतो. टॉर्क प्लेट नसलेल्या दुकानात या प्रकारचे होनिंग करून घेऊ नये. ज्याच्याकडे ती असेल त्याच्याकडे ब्लॉक पाठवण्याचा खर्च सोसावा.

पिस्टन आणि भिंत यांमधील अंतर पिस्टनच्या मिश्रधातूवर ठरते. ४०३२ या मिश्रधातूत सिलिकॉन सुमारे १२ टक्के असते, तो कमी फुगतो आणि कमी अंतरावर चालतो. २६१८ मध्ये सिलिकॉन अत्यल्प असते, तो जास्त फुगतो पण नॉकिंगचा, म्हणजे इंधन आपोआप स्फोटासारखे पेटण्याचा, मार अधिक सोसतो, म्हणून मोठ्या बूस्टला तोच वापरतात. ८७ मिमीच्या २६१८ पिस्टनसाठी टर्बो इंजिनात साधारण ०.०९ ते ०.११ मिमी अंतर ठेवतात. थंड इंजिनात पिस्टनचा खडखडाट ऐकू आला, तर घाबरू नये. वरच्या रिंगेची फट बोअरच्या प्रत्येक मिलिमीटरमागे ०.००६ मिमी धरली तर सुमारे ०.५२ मिमी येते. फट कमी पडल्यास तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कडाच तुटते, तेव्हा शंका असेल तर थोडी जास्तच ठेवावी. पिस्टन आणि रिंगांसोबत आलेल्या कागदावरचे आकडे यांपेक्षा वेगळे असतील, तर कागदावरचेच पाळावेत.

सहावी पायरी: खालची बाजू आणि स्टड

के२४ मध्ये क्रँकला खालून धरणाऱ्या पाच सुट्या मेन कॅपऐवजी सर्व कॅप एकत्र जोडलेला खालचा ब्लॉक असतो, आणि ही रचना मुळातच ताठ असल्याने खालच्या बाजूस फारसे करावे लागत नाही. तो खालचा ब्लॉक मूळ ब्लॉकबरोबरच यंत्रावर कापलेला असतो, म्हणून दुसऱ्या इंजिनाचा घेऊन बसवता येत नाही. मूळ बोल्ट काढून मेन स्टड लावले की आवळण्याचा ताण बदलतो आणि त्याबरोबर बेअरिंगची भोकेही किंचित बदलतात. स्टड लावून, ठरलेल्या टॉर्कवर आवळून ती भोके बोअर गेजने मोजावीत आणि गरज पडल्यास लाइन होनिंग करावे. मेन जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, ५५ मिमीचे आहे, बेअरिंगमध्ये ०.०५ ते ०.०६ मिमी तेलाची फट हा सुरक्षित मध्य आहे.

हेड स्टडच्या बाबतीत तीन गोष्टी मी कधीही सोडत नाही. पहिली म्हणजे भोके कोरडी असणे. हेड बोल्टची भोके खालून बंद असतात. त्यात चमचाभर पाणी किंवा तेल राहिले आणि वरून स्टड फिरवला, तर द्रव दाबला जात नाही आणि भोकाच्या तळाशी ब्लॉकच तडकतो. आटे साफ करणारा टॅप हलक्या हाताने फिरवून, हवेचा झोत मारून, कापूस गुंडाळलेली काडी तळापर्यंत घालून ती कोरडी बाहेर येते का ते पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे स्टड ब्लॉकमध्ये बोटांनीच बसवणे. त्याला पान्याने आवळायचे नसते, आवळायचा असतो तो वरचा नट. तिसरी गोष्ट वंगणाची. टॉर्क रेंचवर दिसणाऱ्या टॉर्कपैकी सुमारे ९० टक्के भाग नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, केवळ १० टक्क्यांच्या आसपास भाग स्टडला ताणतो. वंगण बदलले की तोच टॉर्क वेगळाच ताण देतो. म्हणून स्टडबरोबर आलेले वंगणच वापरावे, आणि कागदावर दिलेला टॉर्क कोणत्या वंगणासाठी आहे हे वाचावे. नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत, सावकाश आवळावेत.

जोडणीपूर्वी ब्लॉक शेवटचा एकदा साबणाच्या गरम पाण्याने धुवावा. होनिंगची बारीक भुकटी डिझेलने निघत नाही, ती बोअरच्या रेघांत रुतून बसते. पांढऱ्या फडक्यावर तेल घेऊन बोअर पुसावा आणि फडके पांढरेच राहीपर्यंत धुणे थांबवू नये. तेलाच्या वाहिन्यांचे प्लग काढून लांब ब्रश आरपार फिरवावा.

सातवी पायरी: पहिली सुरुवात आणि ट्यूनिंग

कितीही भक्कम ब्लॉक नॉकिंगपुढे टिकत नाही, कारण त्यात दाब हळूहळू न वाढता झटक्याने उसळतो. इंधन कोणते वापरायचे हे आधी ठरवून त्यावरच ट्यून करावे. आपल्याकडे २०२० च्या डिसेंबरपासून इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे एक्सपी१०० मिळू लागले आहे. त्यावर ट्यून केलेल्या गाडीत साधे पेट्रोल भरून पूर्ण बूस्ट देणे म्हणजे वर केलेले सर्व काम एका फेरीत घालवणे होय.

स्पार्क प्लग काढून, स्टार्टर फिरवून तेलाचा दाब आल्यावरच इंजिन सुरू करावे. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत गळती आणि तापमान पाहावे, नंतर तेल आणि फिल्टर बदलावा. रिंगा बसण्यासाठी इंजिनाला नुसते रिकामे फिरवत ठेवू नये. बूस्टशिवाय पण मध्यम भारावर, चढ-उतार देत चालवावे. बूस्ट टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर प्लगच्या टोकाचा रंग पाहावा.

इंजिन बसल्यावर लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती टक्के गळते हे मोजणे, करून चारही सिलिंडरचे आकडे त्याच वहीत लिहावेत. नव्या इंजिनात गळती ५ टक्क्यांच्या आत असावी. पहिल्या ट्रॅक दिवसानंतर चाचणी पुन्हा करावी. चारही आकडे थोडेथोडे आणि सारखे बदलले असतील, तर रिंगा बसत आहेत. एकाच सिलिंडरचा आकडा उडी मारून वाढला असेल, चाचणीच्या वेळी रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत असतील किंवा थंड इंजिन सुरू करताच वरचा पाण्याचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर त्या सिलिंडरचे वरचे टोक हलत आहे असे समजावे. अशा वेळी नवे गॅस्केट मागवू नये. आधी हेड काढून त्या सिलिंडरच्या कडेवर डायल गेज फिरवावा आणि स्लीव्ह डेकच्या किती खाली गेली आहे ते मोजावे.